प्रशासकाचे शेल बदलल्यानंतर संगणक प्रवेश नाकारतो तेव्हा

शाळेच्या दप्तरात हजेरीपट व दाखलखारीज नोंदवही यांना जे स्थान आहे, तेच स्थान आता शाळेच्या संगणकातील संचिकांनाही प्राप्त झाले आहे. विद्यार्थ्यांची गुणपत्रके, पोषण आहाराचा हिशेब, मुलांनी स्वतः टंकित केलेले निबंध व काढलेली चित्रे अशी वर्षभराची मिळकत त्या एका पेटीत साठलेली असते. अशा संगणकाने एके दिवशी खुद्द प्रशासकालाच आत घेण्याचे नाकारले, म्हणजे शिक्षकाची मोठी कुचंबणा होते. दुरुस्तीसाठी आलेला कारागीर पुष्कळदा एकच इलाज सुचवितो, तो म्हणजे सर्व काही पुसून नवी कार्यप्रणाली बसविण्याचा. रोग एका ओळीतील एका शब्दाचा असतो आणि इलाजात मात्र मुलांचे वर्षभराचे काम नष्ट होते. नुकतेच शेल बदललेले असताना असा प्रसंग आला, तर काहीही न पुसता तो दोष कसा ओळखावा व कसा दूर करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हे विवेचन लिनक्स प्रणालीच्या संगणकांपुरते आहे. सी-डॅक या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली, तसेच डेबियन व उबुंटू या प्रणाली याच कुळातील होत. आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या तरी संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टंकित करावयाच्या आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

शेल म्हणजे काय

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा माणसाशी थेट बोलत नाही. माणसाने टंकित केलेली आज्ञा वाचावी, तिचा अर्थ लावावा, ती गाभ्याकडे पोहोचवावी आणि आलेले उत्तर पडद्यावर दाखवावे, हे दुभाष्याचे काम करणारा जो कार्यक्रम, त्यास शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच. गाभ्याभोवतीचे कवच या अर्थाने हे नाव फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पुझां यांनी १९६५ च्या सुमारास मल्टिक्स प्रणालीच्या उभारणीच्या काळात योजिले.

हा दुभाषा गाभ्यापासून वेगळा असल्यामुळे तो बदलता येतो, आणि म्हणूनच काळाच्या ओघात अनेक शेले निर्माण झाली. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ साली स्टीफन बोर्न यांचे शेल आले. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले 'बॅश' १९८९ साली प्रसिद्ध झाले व पुढे बहुतेक लिनक्स प्रणालींनी तेच स्वीकारले. पॉल फाल्स्टॅड यांचे 'झेड-शेल' १९९० सालचे. अ‍ॅपल कंपनीने २०१९ साली आपल्या संगणकांवर बॅशच्या जागी झेड-शेल हे प्रचलित शेल केले आणि त्याचा बोलबाला वाढला. नव्या शेलात आज्ञा आपोआप पूर्ण होतात, चुकलेल्या शब्दाची सुधारणा सुचविली जाते. अशा सोयींमुळे ते वापरून पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. अडचण उद्भवते ती नवे शेल वापरल्याने नव्हे, तर प्रशासकाच्या नावापुढील नोंद पुरेशी काळजी न घेता बदलल्याने.

सात रकान्यांची वही

लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याची नोंद एका साध्या संचिकेत असते. तिचे नाव '/ईटीसी/पासडब्ल्यूडी'. पहिल्या शब्दाची अक्षरे ई, टी, सी. दुसऱ्याची पी, ए, एस, एस, डब्ल्यू, डी. ही संचिका म्हणजे शाळेची दाखलखारीज नोंदवहीच होय. प्रत्येक वापरकर्त्यास एक ओळ आणि प्रत्येक ओळीत अपूर्णविरामाच्या चिन्हाने वेगळे केलेले सात रकाने, अशी तिची रचना आहे. मूळ प्रशासकाची, म्हणजे 'रूट' या नावाची ओळ सामान्यतः अशी असते :

रूट:एक्स:०:०:रूट:/रूट:/बिन/बॅश

पहिला रकाना नावाचा. दुसऱ्यात केवळ 'एक्स' हे अक्षर असते. पासवर्ड सांकेतिक स्वरूपात दुसऱ्याच एका सुरक्षित संचिकेत ठेवलेला असतो. तिसरा वापरकर्त्याच्या क्रमांकाचा, चौथा गटाच्या क्रमांकाचा, पाचवा वर्णनाचा व सहावा घराचा, म्हणजे त्याच्या संचिका जेथे राहतात त्या जागेचा. सातवा व शेवटचा रकाना शेलचा. '/बिन/बॅश' याचा अर्थ 'बिन' नावाच्या कप्प्यातील 'बॅश' हा कार्यक्रम. बिनची अक्षरे बी, आय, एन; बॅशची बी, ए, एस, एच.

प्रवेशाच्या वेळी दोन निरनिराळी कामे घडतात. प्रथम नाव व पासवर्ड यांची तपासणी होते. ती उत्तीर्ण झाल्यावर सातव्या रकान्यात ज्याचा पत्ता असेल तो कार्यक्रम सुरू केला जातो. तो पत्ता चुकीचा असला, तर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश होत नाही. पाहुण्याची ओळख पटली, दारही उघडले. परंतु ज्या कारकुनाच्या स्वाधीन त्याला करावयाचे, तो कारकूनच जागेवर नाही, असा हा प्रकार आहे. म्हणून पासवर्ड पुनःपुन्हा देण्यात किंवा तो बदलण्याच्या खटपटीत वेळ घालविणे व्यर्थ होय.

दोष कोणकोणत्या रीतीने उद्भवतो

पहिले व नेहमीचे कारण म्हणजे पत्त्यातील चूक. एखादे अक्षर चुकते, किंवा एका प्रणालीतील पत्ता दुसऱ्या प्रणालीत तसाच उतरविला जातो. बाहेरून आणून बसविलेली शेले फ्री-बीएसडी या प्रणालीत '/यूएसआर/लोकल/बिन' या कप्प्यात राहतात, तर लिनक्समध्ये ती '/बिन' किंवा '/यूएसआर/बिन' येथे असतात.

दुसरे कारण, शेल काढून टाकणे. नव्या शेलचा प्रयोग करून झाल्यावर ते संगणकातून काढले जाते, पण सातव्या रकान्यात त्याचे नाव तसेच राहते. चूक पत्रकात नसून पत्रकाप्रमाणे वस्तू उरलेली नाही, असे येथे होते.

तिसरे कारण म्हणजे 'नोलॉगिन' किंवा 'फॉल्स' हे कार्यक्रम त्या रकान्यात लिहिले जाणे. ज्या खात्यातून कोणीही प्रवेश करू नये अशा खात्यांसाठी ते असतात. सुरक्षितता वाढविण्याच्या हेतूने कोणी ते प्रशासकाच्या नावापुढे लिहिले, तर प्रशासकच बाहेर राहतो.

चौथे कारण, शेलच्या आरंभसंचिकेतील चूक. शेल सुरू होताना वापरकर्त्याच्या घरातील काही संचिका आपोआप वाचते. तेथे 'एक्झिट' सारखी आज्ञा किंवा अस्तित्वात नसलेले दुसरे शेल सुरू करण्याची आज्ञा राहिली, तर शेल उघडताक्षणीच बंद होते. अशा वेळी सातवा रकाना अगदी शुद्ध असतो.

यावर असे विचारता येईल की, चुकीचा पत्ता संगणक स्वीकारतोच कसा? शेल बदलण्याची आज्ञा 'सीएचएसएच' ही आहे. सामान्य वापरकर्त्याने ती दिली तर '/ईटीसी/शेल्स' या मान्य शेलांच्या यादीत नाव असल्याखेरीज बदल होत नाही. मूळ प्रशासकाला मात्र ही यादी बांधून ठेवीत नाही. फार तर इशारा दिला जातो. वहीच संपादकात उघडून हाताने फेरफार केला, तर इशाराही मिळत नाही. ज्याचे अधिकार मोठे, त्याच्या चुकीला अडविणारे कोणी नाही, हा येथील धडा आहे.

निदान

उपायापूर्वी निदान करावे. कंट्रोल व आल्ट या कळा दाबून धरून एफ३ ही कळ दाबली असता केवळ अक्षरांचा पडदा उघडतो. तेथे नाव व पासवर्ड द्यावा. पासवर्डच चुकला असेल तर 'लॉगिन इनकरेक्ट' हे शब्द येतात. पासवर्ड मान्य होऊन 'अशी संचिका वा कप्पा नाही' या अर्थाचा इंग्रजी संदेश दिसला व प्रवेशाची ओळ पुन्हा आली, तर दोष शेलच्या पत्त्याचा आहे. 'हे खाते सध्या उपलब्ध नाही' या अर्थाचा संदेश आला तर 'नोलॉगिन' लिहिले गेले आहे असे समजावे.

चित्ररूप पडद्यावर मात्र असा खुलासा होत नाही. पासवर्ड दिल्यावर पडदा क्षणभर काळा होतो व पुन्हा तोच प्रवेशाचा पडदा येतो. तबकडीत जागा मुळीच शिल्लक नसली तरी हेच लक्षण दिसते. म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये.

दुसऱ्या संगणकावरून ओपन-एसएसएच या साधनाद्वारे प्रवेश करणारांनी अधिकच सावध असावे. शेलचा कार्यक्रम सापडत नसल्यास हे साधन त्या वापरकर्त्यास अमान्य ठरविते आणि पासवर्ड बरोबर असतानाही 'परवानगी नाही, पुन्हा प्रयत्न करा' असेच सांगते. खरे कारण फक्त त्या संगणकाच्या आतील नोंदीत लिहिले जाते. त्यामुळे पासवर्ड विसरला गेला असा चुकीचा समज होतो.

वहीतील नोंद पाहण्यास प्रशासक असण्याची आवश्यकता नाही. ही वही सर्वांना वाचता येते, लिहिता मात्र केवळ प्रशासकाला येते. विद्यार्थ्यांच्या साध्या खात्यातून प्रवेश करून 'कॅट /ईटीसी/पासडब्ल्यूडी' ही आज्ञा दिली की सर्व ओळी दिसतात. प्रशासकाच्या ओळीतील सातवा रकाना वाचावा आणि 'एलएस -एल' या आज्ञेपुढे तो पत्ता देऊन तसा कार्यक्रम खरोखर आहे की नाही हे पाहावे. एवढ्याने बहुतेक निदान होते.

उपाय : सोप्याकडून कठीणाकडे

उपाय पुढील क्रमानेच करावेत. वरचा उपाय लागू पडला तर खालच्याकडे वळू नये.

(१) प्रशासकाची एखादी खिडकी अद्याप उघडी असेल तर ती बंद करू नये, संगणकही बंद करू नये. सुरू असलेले शेल चालूच राहते. नवा पत्ता फक्त पुढील प्रवेशाच्या वेळी वाचला जातो. त्या उघड्या खिडकीतूनच नोंद पूर्ववत करावी :

/यूएसआर/एसबिन/यूजरमॉड -एस /बिन/बॅश रूट

शेवटच्या शब्दाच्या जागी ज्याची नोंद बिघडली त्या वापरकर्त्याचे नाव लिहावे.

(२) ज्याला 'सुडू' वापरण्याचा अधिकार आहे असे दुसरे खाते असेल तर त्यातून प्रवेश करून पुढील आज्ञा द्यावी :

सुडू यूजरमॉड -एस /बिन/बॅश रूट

सुडूची अक्षरे एस, यू, डी, ओ. येथे एक बारकावा आहे. 'सुडू -आय' ही आज्ञा प्रशासकाच्या ओळीतील बिघडलेले शेलच उघडू पाहते, म्हणून ती अपयशी ठरते. सुडूपुढे प्रत्यक्ष काम लिहिले तर त्या शेलची गरज पडत नाही व काम होते.

(३) सुडूचा अधिकार नाही, परंतु रूटचा पासवर्ड ठाऊक आहे, अशा वेळी साध्या खात्यातून 'एसयू -एस /बिन/बॅश' ही आज्ञा करून पाहावी. प्रशासकाच्या नावापुढील शेल बाजूस ठेवून बॅश उघडावे, असा तिचा अर्थ. वहीतील शेलचे नाव मान्य शेलांच्या यादीत असेल तरच ही आज्ञा मानली जाते. त्यामुळे शेल काढून टाकले पण यादीत नाव राहिले, किंवा आरंभसंचिकेत चूक झाली, अशा प्रसंगी ती उपयोगी पडते. पत्त्याचे अक्षर चुकले असल्यास पडत नाही.

(४) वरील कोणताही मार्ग खुला नसेल तर संगणक पुन्हा सुरू करून आरंभीच्या यादीतून आत जावे. ही यादी 'ग्रब' नावाच्या कार्यक्रमाची असते. ती आपोआप न दिसल्यास जुन्या धर्तीच्या संगणकावर शिफ्ट कळ दाबून धरावी, नव्या धर्तीच्या संगणकावर एस्केप कळ एकदा दाबावी. उबुंटूमध्ये तेथे 'रिकव्हरी मोड' हा पर्याय मिळतो व त्यातून प्रशासकाचे शेल उघडते. तेथे तबकडी बहुधा केवळ वाचनासाठी खुली असते. ती लेखनासाठी खुली करण्याची आज्ञा अशी :

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

त्यानंतर पहिल्या उपायातील आज्ञा द्यावी व संगणक पुन्हा सुरू करावा.

(५) काही प्रणालींवर रूटचे खाते कुलूपबंद असल्याने बचावाची ही वाटही उघडत नाही. अशा वेळी ग्रबच्या यादीतील नेहमीच्या ओळीवर उभे राहून 'ई' ही कळ दाबावी. जी मजकूर दिसेल त्यातील 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्यातील 'आरओ' या दोन अक्षरांच्या जागी 'आरडब्ल्यू' करावे व ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'इनिट=/बिन/बॅश' असे लिहावे. नंतर कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. आता गाभा सातवा रकाना न पाहता थेट बॅशच सुरू करतो. तेथे पुढील दोन आज्ञा द्याव्यात :

/यूएसआर/एसबिन/यूजरमॉड -एस /बिन/बॅश रूट
सिंक

दुसरी आज्ञा केलेला बदल तबकडीवर पक्का उतरविते. यानंतर 'एक्झिट' लिहू नये. तसे केल्यास गाभाच कोलमडतो. 'एक्झेक /एसबिन/इनिट' ही आज्ञा देऊन नेहमीची प्रणाली सुरू करावी. ग्रबमध्ये केलेला फेरफार त्या एका वेळेपुरताच असतो, तो पुन्हा पुसावा लागत नाही.

(६) शेवटचा मार्ग म्हणजे पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करणे. यात आतील तबकडी एखाद्या कप्प्याशी जोडून घेऊन तिच्यातील वही उघडावयाची असते. दोन गोष्टी सांभाळाव्यात. आधी त्या वहीची एक प्रत करावी. नंतर आपण तबकडीवरील वही उघडली आहे, पेनड्राइव्हवरील प्रणालीची नव्हे, याची खात्री करावी आणि केवळ सातवा रकाना सुधारावा. या मार्गाचा मोठा लाभ असा की, गुणपत्रके व मुलांच्या संचिका प्रथम दुसऱ्या साधनावर उतरवून घेता येतात. म्हणून कोणी सर्व पुसण्याचा सल्ला दिला, तर हा मार्ग झाल्याशिवाय त्यास संमती देऊ नये. तबकडी सांकेतिक कुलपाने बंद केलेली असल्यास मात्र तिचा परवलीचा शब्द जवळ असणे अत्यावश्यक आहे.

आरंभसंचिकेतील दोष असल्यास वही बदलण्याचे कारण नाही. वरीलपैकी जो मार्ग खुला असेल त्याने आत जाऊन त्या संचिकेचे नाव बदलावे. ती सापडली नाही म्हणजे शेल नेहमीप्रमाणे सुरू होते. मग सावकाश चूक शोधावी.

दक्षता

या अडचणीवरील उत्तम उपाय म्हणजे रूटचे शेल न बदलणे. नवे शेल हवे असल्यास आपल्या साध्या खात्यापुरते बदलावे, किंवा प्रवेश झाल्यावर आज्ञेच्या पडद्यावर त्या शेलचे नाव टंकित करावे. त्याने वहीला हात न लावता इच्छा पूर्ण होते. फ्री-बीएसडीच्या रचनाकारांनी याच हेतूने रूटबरोबर 'टूर' नावाचे दुसरे खाते ठेवले. रूटची रोमन अक्षरे उलट क्रमाने लिहिली की हे नाव होते. दोघांचाही वापरकर्ता क्रमांक शून्य; निराळे शेल हवे असणाऱ्या प्रशासकाने टूरला पासवर्ड देऊन ते वापरावे आणि रूटला धक्का लावू नये, अशी ती योजना होय.

उबुंटूसारख्या प्रणालीत शिक्षकाचे स्वतःचे खातेच प्रशासकाचे असते. तेथे शेल बदलावयाचेच झाल्यास पुढील क्रम पाळावा. नवे शेल खरोखर बसलेले आहे व त्याचे नाव '/ईटीसी/शेल्स' या यादीत आहे हे पाहावे. ते एकदा नावाने सुरू करून, दोन-चार आज्ञा देऊन, बाहेर पडून पाहावे. मग बदल करावा, परंतु चालू खिडकी बंद करू नये; दुसऱ्या पडद्यावर प्रवेश करून पाहावा आणि तो झाल्यावरच पहिली खिडकी मिटावी. प्रशासकाचा अधिकार असलेले आणखी एक खाते संगणकावर असावे व त्याचे शेल कधीही बदलू नये. केलेल्या बदलाची तारीख व जुनी नोंद संगणकखोलीच्या वहीत लिहून ठेवावी.

चौथा, पाचवा व सहावा हे उपाय वाचून हेही लक्षात येईल की, जो संगणकासमोर बसू शकतो, तो पासवर्डवाचूनही पुष्कळ काही करू शकतो. म्हणून संगणकखोलीच्या दारास चांगले कुलूप असणे हा सुरक्षिततेचा पहिला नियम होय. तसेच ज्या संचिका गमावून चालणार नाहीत त्यांची दुसरी प्रत दर आठवड्यास अन्यत्र ठेवावी. अशी प्रत असली म्हणजे शिक्षकास घाईने निर्णय घ्यावा लागत नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सात रकान्यांची ही वही अवश्य दाखवावी. संगणकाच्या पोटात गूढ असे काही नसून, तेथेही शाळेच्या कचेरीप्रमाणे रकाने आखून नोंदी ठेवलेल्या असतात, आणि एक नोंद चुकली तर ती वाचून सुधारता येते, हे त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळेल.